शेवटचं कडवं

बहारीनमध्ये उम्म अल हस्सम भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटात आइसलंडची एक बाई राहायला आली, सोल्वेग नावाची. संगीतरचना करते म्हणे. लहानपणी बापाकडून गावच्या चर्चमधला ऑर्गन शिकली, मग राजधानीतलं संगीत विद्यालय, मग हॉलंडमध्ये रचनेचं शिक्षण. आता युरोपातले मोठमोठे वाद्यवृंद तिच्याकडून रचना मागून घेतात, आणि इथल्या एका कार्यक्रमासाठी तिला वर्षभर बोलावलं होतं. एवढं शिकलेल्या बाईला माझ्या आईचं गाणं कशाला हवं? दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

माझी आई भागीरथा परभणीहून व्हिजिट व्हिसावर आली होती. बाबासाहेबांवर स्वतः रचलेलं एक गाणं ती भांडी घासताना म्हणायची. ते भिंतीपलीकडे गेलं आणि बाई रेकॉर्डिंगची परवानगी मागायला दारात आली. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफतात. गाणं कुणाचं ते तिथे ठरतं. आईचं हे गाणं कुठे छापलेलं नाही. शेवटचं कडवं गेलं की तिचं नाव गेलं. मी नकोच म्हणत होते, पण आई लगेच तयार झाली. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात रेकॉर्डिंग उरकलंसुद्धा.

पुढे बाईने आम्हाला तालमीला बोलावलं. स्पीकरवर आईचा आवाज आणि मागे व्हायोलिनं. माझ्या अंगावर काटा आला. शेवटच्या कडव्यापाशी मात्र सगळं एकदम थांबलं. आयत्या बिळावर नागोबा! माझं डोकंच फिरलं.

“माझ्या आईचं नाव तुम्ही कापलंत,” मी सगळ्यांदेखत इंग्रजीत सुनावलं.

बाई चिडली नाही. तिने फोनवर मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्यातही आई शेवटच्या कडव्याआधीच गायची थांबली होती.

“गाणं पुरं झालं नाही हे ऐकूनच कळलं, म्हणून स्वरलेखनाची पुढची पानं मी कोरी ठेवलीत,” ती म्हणाली. “शेवटचं कडवं तुम्ही म्हणून दाखवता?”

मी तोंड उघडलं. पहिली ओळ आली, पुढचं काही केल्या येईना. जन्मभर कानांवर पडलेलं गाणं, पण शेवटपर्यंत मी कधी थांबलेच नव्हते. मी आईकडे बघितलं.

“म्याच नाही दिलं तिला,” आई म्हणाली. “परक्याला नाव द्यायचं, तर आधी घरात कुणाला तरी यावं. उद्या चहा टाकू नको. माझ्यापुढं बस.”