मुंगळ्याची पकड

लहानपणी आईचं बोट एकदा धरलं की तो सोडत नसे. बाजारात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, कुठेही. "डोकं तुटेल, पण हा मुंगळा सुटायचा नाही," असं ती हसत म्हणायची, आणि तेच नाव त्याला चिकटलं. पुढे तो दाराच्या चौकटीत मावेनासा झाला, देशोदेशीचे बलदंड गडी त्याला वचकू लागले, तरी घरी तो मुंगळाच राहिला.

यंदा जागतिक बलवान स्पर्धा त्याच्याच शहरात भरली आणि नेमकी तेव्हाच आई दवाखान्यात अंथरुणाला खिळली.

"मी बसतो तिच्या उशाशी," मामा म्हणाला होता. "ताई डोळे उघडून मला चार शिव्या घालेपर्यंत या खुर्चीवरून हलत नाही. तू जा. नाहीतर शुद्धीवर आल्यावर दोघांनाही सोलून काढेल."

सकाळी निघताना आईने गुंगीतच त्याचं बोट धरलं. स्पर्धेच्या जागी वेळेवर पोचायचं होतं. त्याने तिची बोटं एकेक करून, अगदी हळुवार, उकलली होती.

शेवटचा प्रकार खांब धरण्याचा. दोन लोखंडी खांब, तळाशी बिजागरीवर बसवलेले, बाहेर कललेले. गड्याने मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी त्यांच्या मुठी धरायच्या. यात उचलायचं काही नसतं, फक्त सोडायचं नसतं. जो मागाहून सोडेल तो जिंकला. शेजारच्या चौथऱ्यावर लाल दाढीचा एक परदेशी गडी होता. शिट्टी झाली आणि दोघांच्याही खांद्यांवर ताण आला.

तेवढ्यात मैदानाच्या दारात त्याला मामा दिसला.

आई शुद्धीवर आली असती, तर मामा शीळ घालत, दोन्ही हात नाचवत, अख्ख्या मैदानाला सांगत आला असता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज तो गप्प उभा होता. हातात दवाखान्यात नेलेली पिशवी होती आणि तिच्यातून थर्मास डोकावत होता. मुंगळ्याचा प्रशिक्षक त्याला अडवून कानात काही सांगत होता. मामाने मान डोलावली आणि खाली घातली.

मुंगळ्याला कळायचं ते कळलं. पण कळणं वेगळं आणि कुणी सांगणं वेगळं. खांब उभे आहेत तोवर कुणी येऊन सांगणार नव्हतं. तोवर आई तिथेच, त्या पलंगावर होती.

त्याने मुठी आणखी आवळल्या.

लाल दाढीवाल्याने आपल्या भाषेत काहीतरी हासडलं आणि त्याचे खांब धाडकन पडले. मैदान उठून उभं राहिलं.

"जिंकलास रे! सोड!" प्रशिक्षक ओरडला.

त्याने सोडलं नाही. तळव्यांची सालं निघाली, मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला.

"अहो, सोडा आता," पंच जवळ येऊन म्हणाले. "संपलं."

"कुणीतरी सांगा याला," निवेदक भोंग्यावरून म्हणाला, "खांब घरी नेता येत नाहीत!" लोक खो खो हसले.

मामा प्रशिक्षकाचा हात झटकून निघाला आणि चौथऱ्यापाशी येऊन थांबला.

"मामा, काही बोलू नकोस."

"नाही बोलत."

मामा खरंच बोलला नाही. जन्मात पहिल्यांदा. तेच मुंगळ्याला सोसेना.

"खुर्ची सोडून कशाला आलास?"

"खुर्चीचं काय घेऊन बसलास, पोरा," मामा म्हणाला. "पलंगच रिकामा झाला."

दोन्ही खांब एकदम कोसळले.

पंच त्याचा हात उंचावायला पुढे आले, पण मूठ काही उघडेना. दोन्ही हात तसेच मिटून आखडले होते. मामाने पिशवी खाली ठेवली, त्याला चौथऱ्याच्या कडेवर बसवलं आणि उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. मग एकेक बोट, अगदी हळुवार, उकलायला लागला.

मुंगळा बघत राहिला.

"सकाळी मी अशीच सोडवली तिची," तो म्हणाला.

"मी होतो ना तिथे," मामा म्हणाला, आणि मान वर न करता पुढचं बोट हातात घेतलं. लोक अजून टाळ्या वाजवत होते. करंगळी तेवढी उघडायची राहिली होती.