गच्च चावी

मित्रांनो, मी मोबाइलची एक जुनी, दमलेली बॅटरी आहे. आत्ता या क्षणी मी एका पत्र्याच्या डबीत, टोकांना चिकटपट्टी लावून, एका घड्याळजींच्या सदऱ्याच्या खिशात बसले आहे. माझी कीव मात्र करू नका. फोन चालला की लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात आणि बंद पडला की आमच्या नावानं खडे फोडतात. असं असूनही माझं कौतुक झालं, आणि तेही भर चौकात. तेच तर सांगायला बसले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. कागदासारखे पातळ थर एकावर एक गुंडाळून, वर चंदेरी वेष्टण चढवून मला तयार केलं आणि अर्धवट भरून खोक्यात ठेवलं. हो, अर्धवटच. अर्ध्या पोटी आम्हाला निवांत झोप लागते. पोट तुडुंब भरलं की जीव कासावीस होतो आणि अगदीच रिकामं झालं की प्राण कंठाशी येतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घड्याळजींना त्यांच्या लेकीनं नवा फोन भेट दिला आणि त्यात बसून मी त्यांच्या दुकानात आले. काय दुकान होतं ते! भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. घड्याळजी माणूस मोठा प्रेमळ, पण आपल्या पद्धतीपुढे कुणाचं ऐकायचे नाहीत. दुरुस्त केलेलं घड्याळ ते लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. आधी गच्च चावी द्यायची, मग ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं, मग पुन्हा गच्च चावी. त्याशिवाय म्हणे यंत्राचा दम कळत नाही.

घड्याळांना ही पद्धत मानवायची. त्यांनी तीच मला लावली. फोन पार बंद पडेपर्यंत चार्जरला हात लावायचा नाही आणि लावला की शंभर होऊनही काढायचा नाही. शिवाय उघड्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून ते फडकं टाकायचे, तसं माझ्यावरही जाडसं लोकरी फडकं टाकायचे. तेही टेबलावरच्या तापलेल्या दिव्याखाली. माया म्हणून करायचे हो सगळं, पण मी आत घामाघूम. हळूहळू माझी ताकद ओसरू लागली. सकाळी भरलेली मी दुपारीच मान टाकायला लागले.

एकदा लेक माहेरी आली. तिनं फोन हातात घेऊन सेटिंगमध्ये माझी प्रकृती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, अहो हिचा दम निम्म्यावर आलाय. वीसच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशी झाले की काढा. आणि ती गोधडी आधी बाजूला करा."

"यंत्रांचं मला शिकवू नकोस," घड्याळजी भिंगातून मान वर न करता म्हणाले. "आयुष्य गेलं त्यांच्यात."

"शिकव गं तूच त्यांना," त्यांची बायको आतून लेकीला म्हणाली. "मी संसारभर प्रयत्न करून थकले."

अशातच चौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे आलं. कित्येक वर्षं ते मुकाट उभं होतं. घड्याळजींनी त्यात जीव ओतला. हे आपल्या हातचं शेवटचं मोठं काम, असं ते बायकोला म्हणायचे. बारा वाजता सगळ्यांच्या देखत ते सुरू करायचं ठरलं.

आता यात एक गंमत आहे. मनोऱ्याच्या आत उभं राहिलं की घड्याळाचं तोंड दिसतच नाही. दिसतात ती नुसती दातेरी चाकं. काटे जुळवायला आत एक छोटी तबकडी असते, पण इथली केव्हाच मोडून गेली होती. म्हणून बायकोनं खाली चौकात उभं राहून फोनवर सांगायचं आणि यांनी वर काटे फिरवायचे, असं ठरलं.

त्या सकाळी मरणाची थंडी होती. मनोऱ्यात तर वारा नुसता झोंबत होता. थंडीत आमच्या अंगातली वीज आखडते, आणि मी तर आधीच खंगलेली. खाली माणसं जमली होती, लेकही मुद्दाम आली होती, वाजंत्री सुरू होती.

"अहो, अजून थोडा पुढे," बायको सांगत होती. "अजून. आता मोठा काटा..."

आणि मी गारठून बेशुद्ध पडले. माझ्यात तिसरा हिस्सा चार्ज शिल्लक होता, तरीही.

घड्याळजींनी फोन हलवला, बटण दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आता अंदाजानं काटे लावले आणि चुकीच्या वेळेला बाराचे टोले पडले, तर गावभर हसं. त्यांनी फोन गार लोखंडावर ठेवला, आणि ठेवता ठेवता थबकले. गारठलेल्या घड्याळात वंगण घट्ट होतं आणि ते थांबतं, तेव्हा ते काय करायचे? मुठीत धरून ऊब द्यायचे. त्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि मला छातीशी धरलं.

काय सांगू मित्रांनो! त्या छातीची धडधड मला स्पष्ट ऐकू येत होती. हळूहळू माझ्या अंगात ऊब आली. त्यांनी बटण दाबलं तशी मी उरलासुरला सगळा जीव एकवटून उठले. एकच विचार होता, निदान यांचं काम होईपर्यंत तरी टिकायचं.

"अहो, होतात कुठे? जिवाला घोर लागला माझ्या," बायकोचा आवाज आला. "मोठा काटा आणखी जरासा पुढे. जरासा. बास, थांबा. जुळले."

मी टिकले. टोले पडू लागले तेव्हा घड्याळजी तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

खाली उतरल्यावर सगळे त्यांना हार घालू लागले, तर त्यांनी फोन उंच धरला. "खरी मेहनत हिची," ते म्हणाले. "स्प्रिंग कायम ताणून ठेवली की ती थकते, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. आणि हिला रोज गच्च चावी देत बसलो." मग लेकीकडे वळून म्हणाले, "तुझं बरोबर होतं गं."

आता फोनमध्ये नवी बॅटरी आली आहे. ती ऐंशीला थांबते, मोकळ्या हवेत चार्ज होते, आणि तिच्या अंगावर फडकंबिडकं काही नाही. मला मात्र यांनी कचऱ्यात टाकू दिलं नाही. जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे पोचवायला नवरा-बायको स्वतः निघाले आहेत. तिथे माझ्यातलं सगळं काढून नव्या कामाला लावतील म्हणे.

निघताना बायको म्हणाली होती, "बॅटरीला ऐंशीला थांबवता, मग स्वतःच कशाला शंभराचा हट्ट?" आणि घड्याळजींनी खरंच भर दुपारी दुकान बंद केलं.

वाटेत चौक लागला आहे. दोघं थांबली आहेत.

"असे काय बघताय?" बायको विचारते आहे.

"घड्याळ बघतोय. इतके दिवस आत राबलो, पण त्याचं तोंड असं निवांत कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी दिसलं ते तुझ्या डोळ्यांनी."

मित्रांनो, तुमच्या खिशातही माझी एखादी बहीण असेल. तिला फार तापवू नका, शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, आणि थोडं कमी भरलं तरी चालतं हे लक्षात ठेवा. आता टोले पडताहेत. खिशात मला छातीची तीच धडधड ऐकू येते आहे, पण आज ती अगदी संथ आहे.