जोडाक्षर

साधनाने मोतीरामांचा डावा हात टेबलावर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि सुरात म्हणू लागली, "पा-णी दे." प्रत्येक अक्षराला ती त्यांच्याच हाताने हलका ठोका देत होती. 'पा' चढ्या सुरात, बाकीचं खाली. मोतीरामांच्या तोंडून नुसता हुंकार आला.

"चांगलं. पुन्हा."

जठारपेठेत साधनाच्या वाचा-उपचाराच्या या खोलीत ते दर गुरुवारी येत, त्याला सात महिने झाले होते. अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग आणि बोलणं दोन्ही नेलं होतं. पूर्वी बुद्धविहारात वंदना घेताना त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. वंदना ते आजही सुरात अख्खी म्हणत. तहान लागली तर मात्र ग्लासाकडे बघत बसत. गाणं शाबूत आहे, त्या वाटेने बोलणं आणता येतं का पाहू, असं साधना पहिल्या दिवशी म्हणाली होती. अलीकडे ती तसं म्हणत नव्हती.

मागे त्यांची बायको चतुराबाई आणि मुलगी दीक्षा बसल्या होत्या. दीक्षा पहाटेच्या बसने धारणीहून यायची. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती, आणि तिथल्याच श्यामशी तिने आपल्या मनाने लग्न केलं होतं. त्या दिवसापासून मोतीरामांनी मुलीशी बोलणं टाकलं. चार वर्षं ती घरी आली की ते उठून आत जात. आजारपणानंतर उठता येईना. ती भरवायची, ते खायचे.

"बोलताच येत नाही आता त्याईले," ती श्यामला फोनवर सांगायची. हे सांगताना तिचा आवाज जरा मोकळा व्हायचा.

साधनाने दोन वाक्यं निवडायला सांगितली, तेव्हा चतुराबाई लगेच 'पाणी दे' म्हणाल्या होत्या. दीक्षाने पुष्कळ वेळाने एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'दीक्षा, ये'.

"पा-णी दे," साधना पुन्हा म्हणाली.

"पा... णी दे," मोतीराम म्हणाले.

साधनाने हात काढून घेतला. त्यांनी एकट्याने ठोके दिले. "पाणी दे."

"बोलले! अवं पोरी, बोलले तुये बाबा!" चतुराबाईंनी घाईने ग्लास भरला, निम्मं पाणी फरशीवर सांडलं, उरलेलं त्यांच्या ओठांना लावलं.

साधनाने मोतीरामांची खुर्ची दीक्षाकडे वळवली, त्यांचा हात पुन्हा हाताखाली घेतला. "आता दुसरं. दी-क्षा ये."

मोतीरामांनी मुलीकडे पाहिलं. बराच वेळ, नीट पाहिलं. मग साधनाच्या हाताखालून आपला हात ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला. ओठ घट्ट मिटले.



"जोडाक्षर आहे ना," साधना हळूच म्हणाली. "जोडाक्षर लवकर येत नाही."

"हो मॅडम," दीक्षा म्हणाली. "जोडाक्षर आहे."

फरशी पुसता पुसता चतुराबाईंनी वर पाहिलं. "काय झालं वं? काहून थांबले?"

"थकले बाबा."

तिने वडिलांच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदराने टिपलं, त्यांच्या पायात चपला चढवल्या.

"पुढच्या गुरुवारी याल ना?" साधनाने विचारलं.

"आई घेऊन येईल त्याईले," दीक्षा म्हणाली. "मले सुट्टी नाही भेटून राहिली."