चवड्याकडे झिजलेले सोल

बाबांनी पिशवी उलटी केली. डॉक्टरबाईंच्या टेबलावर सहा जुने सोल पडले.

"हे माझे रिपोर्ट," ते म्हणाले.

आईने कपाळाला हात लावला. बाबा चाळीस वर्षं बूट दुरुस्त करत होते. सोल बघून माणसाची चाल सांगत. पण ते दुकानात. पिशवी मात्र मीच उचलून आणली होती.

पूर्वी त्यांची टाच झिजायची. दोन वर्षांपासून चवडा झिजू लागला. पाय फरशीला चिकटतात, म्हणायचे. सोल बदलून झाले, मग संशय फरशीवर गेला. आईने ती साबणाने तीनदा घासली आणि चौथ्यांदा स्वतःच घसरली. पुढे ते एकाचे बूट दुसऱ्याला देऊ लागले. लघवीला उठले की दारापर्यंत जाईतो उशीर झालेला असे. आईच्या पिशवीत एक जादा पँट कायमची मुक्कामाला आली. सगळे म्हणाले, वय झालं. दुकान विकायला मी गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी सोल उलटसुलट करून पाहिले आणि स्कॅन काढायला लावला. मेंदूच्या आतल्या पोकळ्या पाणी साठून फुगल्या होत्या. तान्ह्या मुलाचं अशाने डोकं वाढतं, त्या म्हणाल्या. मोठ्यांची कवटी वाढत नाही, मग पाय अडतात, विसर पडतो. पाणी रोज तयार होतं आणि रोज शोषलं जातं. बाबांचं शोषलं जात नव्हतं. का, ते पुष्कळदा कळतच नाही.

"डोक्यात पाणी?" बाबा आईकडे वळले. "तू तर भुसा म्हणायचीस."

हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं; तिथून थोडं काढून बघायचं ठरलं. चाल सुधारली तर पाण्याला कायमची वाट देणारी नळी आत बसवता येईल. नाही सुधारली, तर नळीचा फारसा भरवसा देता येणार नव्हता.

सकाळी कॉरिडॉरमधल्या खुणेपर्यंत एक्केचाळीस पावलं झाली होती. सुई टोचून झाल्यावर, दुपारी, पुन्हा चालवलं. मी मोजत होतो. बाविसाव्या पावलाला खूण आली.

"आजोबा, इथंच थांबायचं," नर्स म्हणाली.

बाबा थांबले नाहीत. सरळ कोपऱ्यावरच्या बाथरूममध्ये शिरले. आई सवयीने पिशवी घेऊन मागे धावली.

आतून कडी लागली.

आई दाराशी उभी राहिली. मग तिने पँट बाहेर काढली, पुन्हा नीट घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली.