रुईची घट

"दाढी झटका, कुर्बानमिया."

कुर्बानने मान वाकवून दाढी झटकली. रुईचे चार तंतू तुरुंगाच्या दारात पडले. खुशालराव जमादाराने ते चिमटीत उचलले आणि शिपायाच्या हाती परत आत पाठवले.

"पागोटं बी."

पागोटंही निघालं. अकोल्यात त्या दिवसांत कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई पेटली होती आणि इकडे तेल्हाऱ्याचे शेतकरी बैलांची शिंगं चांदीने मढवत होते. अशा दिवसांत एक पिंजारी दर बुधवारी तुरुंगात येतो, कैद्यांना पिंजायला शिकवतो आणि दमडीही न घेता घरी जातो, हे खुशालरावाच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं.

नाव तेवढं खुशाल. जिवाला खुशाली कधी नव्हती. घरच्या म्हशीचं दूधही तो आधी नाकाला लावायचा, मग पोटात घालायचा. "आमचे हे म्हशीवर बी शक घेतेत," असं त्याची बायको रुख्मिणी शेजारणींना सांगायची.

पण त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. कुर्बानच्या आधी एक हरदासबुवा कैद्यांना चार चांगल्या गोष्टी ऐकवायला फुकट यायचे. एका कैद्याच्या भावाच्या कापसाचा सौदा त्यांनी गोष्टी सांगता सांगता पटवला आणि दलालीत शिरले. तेव्हापासून 'फुकट' हा शब्द ऐकला की खुशालरावाचे कान टवकारायचे.

"खरं सांगा मिया, कायले येता तुमी इथं?" त्याने एकदा आडून न विचारता सरळच विचारलं होतं.

"रुईसाठी, जमादार."

"आँ!"

"तसं नाही जी. बाहेरची सारी रुई बंबईले चालली. लोकायनं घरातल्या गाद्या बी फोडून इकल्या. आता मी काय हवा पिंजू? तुमच्या जुन्या रजयायमंधी तेवढी रुई राहिली. माहा हात चालू राह्यते."

हे खरं होतं. तुरुंगातल्या रजयांमध्ये रुईचे दगडासारखे गोळे झाले होते. कुर्बानने स्वतः साहेबाकडे जाऊन परवानगी मागितली होती. मागच्या पडवीत तो धनुष्यासारखी पिंजण टांगायचा, तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातेवर, ठोका द्यायचा, आणि गोळ्यांचा पांढरा फेस व्हायचा. त्या दिवशी सहा कैद्यांची खडी फोडण्यातून सुटका व्हायची. शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवून आत आलेला पातूरचा पुंजाराम तर असा ठोका द्यायला लागला होता की कुर्बान डोळे मिटून ऐकत बसायचा. ते सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. गावात कुर्बानला आता कुणी कामाला बोलावत नव्हतं. आठवड्यातून एक दिवस तो उस्ताद असायचा, आणि बाकीचे सहा दिवस त्याच एका शब्दावर काढायचा.

एका बुधवारी खुशालरावाने पिंजण्याआधी गोळे तोलून ठेवले, कुणाला न सांगता. संध्याकाळी पिंजलेली रुई तागडीत घातली. ढीग फुगून कमरेएवढा झाला होता; वजन मात्र दोन शेर कमी भरलं.

"सदरा काढा मिया."

"जमादार, त्याले घट म्हंतेत. पिंजलं का कचरा झडते, वजन..."

"वा! चोरीले नाव बी ठेवून आनलं घरून!"

"जमादार, उस्ताद तसा मानूस नाही," पुंजाराम मध्ये पडला.

"तू चूप! चोरानं चोराची साक्ष देऊ नोको."

सहा कैद्यांच्या देखत म्हाताऱ्याचा सदरा उतरला. बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग. पायजम्याची नाडी चाचपून झाली, जोडे उलटे करून झाले. काही सापडलं नाही. काहीच सापडत नाही म्हणजे चोर पक्का आहे, असा खुशालरावाने निष्कर्ष काढला. शकी माणसाला पुरावा लागत नाही आणि पुरत तर मुळीच नाही.

कुर्बानने सदरा घातला. पिंजण खांद्यावर घेतली.

"उस्ताद, बुधवारी?" पुंजारामने विचारलं.

कुर्बानने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला कुणाकडेच पाहवत नव्हतं.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. "पाहा! चोराच्या मनात चांदनं!" खुशालराव शिपायांना म्हणाला आणि सहाही जणांना खडीवर धाडलं. पुंजारामकडून मात्र आधी गेल्या बुधवारपासून न झाडलेली पडवी झाडून घेतली. झाडता झाडता पुंजाराम थांबला. काळा गर्दा, सरकीची टरफलं, रजयांमधली वर्षानुवर्षांची माती त्याने टोपलीत भरली आणि जमादारापुढे आणून ठेवली.

"हे तोला जी."

"कायले?"

"तोला तं खरं."

दोन शेर भरलं. थोडं जास्तच. पुंजारामने बाहेरची माती मिसळली असेल म्हणून खुशालरावाने गर्दा बोटांनी उकरून पाहिला. माती होती तशी रुईची कुसंही होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचीच शंका आली आणि तिने तो फार कासावीस झाला.

दुसऱ्या दिवशी तो कुर्बानच्या घरी गेला. दाराआडून त्याची बायको रहिमाबी म्हणाली, "वो तो वखारीत जातेत अब. रुईच्या गठाणी उचलाले."

वखारीच्या फाटकाशी मजुरांची सुटीची रांग लागली होती. पहारेकरी एकेकाचे कपडे झटकत होता. रांगेत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला कुर्बान उभा होता.

"कुर्बानमिया," खुशालराव जवळ जाऊन म्हणाला, "घट सापडली. मी चुकलो. चला ना. तुमचे लोकं खडी फोडून राह्यले तिथं."

"नाही जी, जमादार. मी इथंच बरा."

"अहो, पन इथं बी झडती घेतेतच ना! रोज घेतेत!"

"घेतेत की," कुर्बान शांतपणे म्हणाला. "पन इथं साऱ्यायचीच घेतेत. आन इथं मले कोनी उस्ताद म्हनत नाही."

रांग सरकली. कुर्बानने पागोटं काढून हातात घेतलं आणि पहारेकऱ्यापुढे उभा राहिला.