परड्यातले कावळे

राजमतीची किंकाळी आली तेव्हा तिचा बाप अतिशय आरशापुढं उभा राहून दाढी करत होता. पोर एरवीही ओरडायची. पाल दिसली तरी घर डोक्यावर घ्यायची. पण ही किंकाळी तसली नव्हती. हातातलं रेझर बेसिनमध्ये टाकून, अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो मागच्या दारानं परड्यात धावला.

आंब्याखाली राजमती गुडघ्यांवर बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी धरून तिनं ते छातीशी आवळलं होतं आणि तिच्या डोक्यावर एक कावळा होता. त्याचे पाय पोरीच्या केसांत गुंतले होते. पंख फडफडवून तो सुटू बघत होता, सुटता येईना म्हणून चोचीनं घाव घालत होता. दुसरा फांदीवरनं खाली झेपावायचा, टोला हाणायचा, वर जायचा, लगेच वळून परत यायचा. पोरीचा अर्धा चेहरा रक्तानं माखला होता.

अतिशयनं कावळ्याला मुठीत धरून ओढलं. पायांबरोबर केसांची बट उपटून आली. कावळ्यानं त्याच्या मनगटाचं सालटं काढलं तसा त्यानं तो भिंतीकडं भिरकावला आणि पोरीला काखेत घेतलं. तेव्हा कुठं त्याला ओच्यातलं पिल्लू दिसलं. शेपूट धड फुटलेलं नव्हतं, मानेवर राखाडी लव होती आणि ते लालभडक तोंड वासून एकसारखं ओरडत होतं. ते ओरडलं की वरचे दोघं आणखी चवताळत होते.

"टाक त्ये! टाक म्हनतो न्हवं!"

"पडलंय त्ये पप्पा. त्येला उडता येत न्हाई," राजमती हुंदके देत म्हणाली. रक्तानं डोळा मिटला होता तरी तिची बोटं सुटेनात.

त्यानं तिची बोटं उकलली, पिल्लू हिसकावून घेतलं आणि धुण्याच्या दगडावर आपटलं. पहिल्या फटक्यालाच ते संपलं होतं. तरी त्यानं दुसऱ्यांदा आपटलं, मग तिसऱ्यांदा.

मागच्या दारात त्याची आई, आक्काताई, उभी होती. हातात पाणी गाळायचं फडकं तसंच होतं. तिनं नातीकडं बघितलं, मग लेकाच्या हाताकडं. आंब्यावर एकदम कालवा उठला. कुठनं कुठनं कावळे आले, सगळं झाड काळं झालं.

---

सांगलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीला टाके घातले, पट्टी बांधली. बुबुळावर ओरखडा होता. डोळा वाचलाय, नजरेचं पट्टी काढल्यावर बघू, असं ते म्हणाले. अतिशयची बायको प्रियदर्शनी परतीच्या वाटेवर रिक्षात पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला एवढंच विचारलं, "आवं, तुमच्या शर्टावर हे काय चिकटलंय?"

त्यानं बघितलं. बारीक पीस होतं.

घरी आल्यावर आक्काताई जेवली नाही. जेवायला म्हणून ती दिवस मावळायच्या आत बसायची, पण त्या दिवशी ताटावर आलीच नाही. अतिशयचे वडील जवाहर, हळद बाजारात अडत्या म्हणून नावाजलेले. ते गेल्यावर दुकान अतिशयनं हातात घेतलं आणि घरातला धर्म आक्काताईनं सांभाळला. रोज सकाळी बस्तीत, जैन मंदिरात, जायचं, चातुर्मासात कंदमुळं नाहीत, चालताना मुंगीसुद्धा पायाखाली येऊ द्यायची नाही. लहानपणी अतिशयनं एकदा गोगलगाईवर मीठ टाकलं होतं, तर तिनं दिवसभर त्याच्याशी अबोला धरला होता.

"आई, जेवून घे की," तो दारात उभा राहून म्हणाला.

"भूक न्हाई."

"मी काय करायला पायजे हुतं? पोरीचा डोळा फुटताना बघत बसू?"

"पोरीला सोडवलास. लय चांगलं केलंस. तितं थांबायचं हुतं."

"डोकं फिरलं माजं."

"त्येंचंबी फिरलं आसंल," आक्काताई म्हणाली. "त्येंच्या लेकराला कुनीतरी उचललं म्हनून. तुज्यात नि त्येंच्यात फरक कुटं हाय, त्ये मला दाव."

अतिशयला ते झोंबलं. कावळ्याची आणि आपली तुलना आपल्याच आईनं करावी! तो चिडून तिथनं निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून कावळ्यांनी त्याला धरलं. घरात बाकीची माणसं होती, मोलकरीण येत होती, दूधवाला येत होता. त्यांच्यावर ते नुसते ओरडायचे. अतिशयनं फाटक उघडलं की मात्र पाठीमागनं येऊन मानेवर टोला बसायचा. वळून बघेपर्यंत कावळा खांबावर. पहिल्या दिवशी त्यानं शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी दगड मारले. मग तो घरातनंच हेल्मेट घालून निघायला लागला. हेल्मेटवर चोच आपटली की आतल्या आत कवटीत आवाज घुमायचा. बाजारात पोत्यांवर बसलेली माणसं त्याच्या मानेवरचे व्रण बघून हसायची. कोणी म्हणायचं शांती करून घ्या, कोणी म्हणायचं मालक, पूर्वजांचं काही राहिलंय का बघा. त्याला हसू येत नव्हतं. बिलाची आकडेमोड करतानाही त्याचं लक्ष छपराच्या कडेला जायचं.

राजमतीचं आणखी वेगळंच झालं. कावळा ओरडला की ती पलंगाखाली शिरायची. एकदा तिथंच लघवी करून बसली. प्रियदर्शनीनं तिला ओढून बाहेर काढलं, पोटाशी धरलं आणि त्याच दुपारी बॅग भरली.

"मी हिला घेऊन रहिमतपूरला जाते," ती म्हणाली. "माझ्या आईकडं. टाके काढायला घेऊन येईन."

"जा. तवर मी ह्येंचा निकाल लावतो."

"तुम्ही काही करू नका," प्रियदर्शनी म्हणाली. "झालं तेवढं बास झालं."

एसटी स्टँडवर खिडकीशी राजमती पट्टीची बाजू त्याच्याकडं करून बसली होती, ती वळलीच नाही. गाडी हलली आणि अतिशयच्या मनात काहीतरी घट्ट झालं. आपली पोर आपल्याच घरात राहू शकत नाही, कुणामुळं, तर दोन कावळ्यांमुळं!

शेजारी भाऊसो राहायचा. मूळचा कडेगावचा, फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर होऊन आलेला. कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला, "गड्या, आजून एक पिल्लू हाय वर. त्ये हाय तवर ही जात तुला सोडत न्हाई. घरटं पाडून टाक, दोन दिसांत जागा सोडून जात्यात का न्हाई बघ."

"शिडी हाय तुज्याकडं?"

"हाय की. पर सांबाळून रं. आंब्याची फांदी ठिसूळ आसती."

---

सकाळी ऊन वर यायच्या आत अतिशयनं शिडी आंब्याला लावली. अंगात रेनकोट, डोक्याला हेल्मेट, हातात आंबे उतरवायची लांब आकडी. शिडीच्या बुडाशी आक्काताई येऊन उभी राहिली. बस्तीत जायला निघाली होती, हातात अक्षतांची वाटी होती.

"उतर," ती म्हणाली.

"सरक आई."

"बाळ, तुज्या पाया पडते. त्ये पिल्लू आज-उद्या उडंल. दोन दिस कळ काड."

"माजी पोर पलंगाखाली मुतती, आई! माजी पोर!"

तो चढला. तीन पायऱ्या चढला नाही तोच पहिला टोला हेल्मेटवर बसला. मग पाठीवर, मग खांद्यावर. तो दात आवळून वर गेला. फांद्यांच्या दुबेळक्यात पाय रोवला, डाव्या हातानं फांदी धरली आणि मान वर केली. घरटं हाताच्या अंतरावर होतं. काड्या, तारेचे तुकडे, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा. घरट्याच्या बाहेर फांदीवर पिल्लू बसलं होतं. दगडावर मेलेल्या भावंडासारखंच, फक्त शेपूट थोडी लांब. एक कावळा अतिशयवर तुटून पडत होता. दुसरा मात्र पिल्लाला लागून बसला होता. त्यानं दोन्ही पंख पसरले होते, चोच वासली होती, अंग फुगवलं होतं. आकडीचं टोक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर आलं तरी तो हलला नाही.

अतिशयचा हात थांबला. पुढं अनेक दिवस त्याला हे आठवत राहिलं की हात थांबला होता, खराच थांबला होता. पण तेवढ्यात मागच्या कावळ्यानं हेल्मेट आणि कॉलर यांच्यामधल्या फटीत, जुन्या जखमेवर चोच मारली. डोळ्यांपुढं पांढरं झालं. त्यानं आंधळ्यासारखी आकडी फिरवली. ती घरट्यात घुसली, काड्यांचा सडा खाली पडला, पिल्लू किंचाळत वरच्या फांदीवर फडफडलं आणि पंख पसरून बसलेला कावळा सरळ अतिशयच्या तोंडावर आला. हेल्मेटची काच वर सरकलेली होती.

त्यानं तोंड झाकायला दोन्ही हात सोडले.

खाली पडताना फांदी बरगडीला लागली. मग जमीन. मांडीचं हाड मोडलं तो आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. हेल्मेट सुटून घरंगळत धुण्याच्या दगडापर्यंत गेलं. तो उताणा पडला होता, श्वास घेता येत नव्हता, उजवा हात उचलवत नव्हता. आणि कावळा त्याच्या छातीवर उतरला. त्याची नखं रेनकोटात रुतली. पहिला घाव गालावर बसला, दुसरा भुवईवर. अतिशयनं मान वळवली. तिसरा कानाच्या पाळीवर. 'डोळे,' एवढंच त्याच्या मनात आलं, 'आता डोळे.'

तेव्हा आक्काताई त्याच्या अंगावर पडली.

तिनं आपल्या छातीखाली त्याचं तोंड झाकलं. वरनं तिच्या पाठीवर, उघड्या मानेवर, अंबाड्यावर चोची बसत होत्या. तिच्या अंगाला बसणारा प्रत्येक हादरा त्याला कळत होता. "भाऊसो! भाऊसो, आरं धाव!" ती ओरडत होती. कावळा तिच्या हाताखालनं शिरून परत अतिशयच्या चेहऱ्याकडं यायला लागला. आक्काताईनं त्याला पदरात पकडलं. तो तिच्या तळहाताचं मांस ओरबाडत होता. तिनं दुसऱ्या हातानं चाचपलं. दगडावर धुण्याचं धोपाटणं होतं, ते हाताला लागलं.

तिनं ते कावळ्यावर घातलं. पदरासकट घातलं. एकदा, दोनदा, मग मोजायचं काही राहिलंच नाही. "माज्या पोराला... माज्या पोराला..." एवढंच ती म्हणत होती, आणि तो आवाज आईचा आहे हे अतिशयला ओळखू येत नव्हतं.

भाऊसो कुंपण ओलांडून आला तेव्हा पदरातली हालचाल कधीच थांबली होती. त्यानं तिचं मनगट धरलं. "आक्काताई, बास. मेलंय त्ये. आवं, बास करा."

तिनं धोपाटण्याकडं बघितलं. मग धोपाटणं खाली ठेवलं, पदर सोडवला आणि लेकाच्या तोंडावरचं रक्त त्याच पदराच्या दुसऱ्या टोकानं पुसायला लागली.

---

अतिशयच्या मांडीत सळई बसली, दोन बरगड्यांना तडे गेले होते. गालावर, भुवईवर टाके पडले. डोळे शाबूत राहिले. घरी आणल्यावर त्याचा पलंग मागच्या खोलीत टाकला. तिथल्या खिडकीतनं परडं दिसायचं. आक्काताईच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, त्याच हातांनी ती त्याला पेज भरवायची.

"बस्तीतल्या महाराजांकडं गेलतीस म्हनं," एकदा त्यानं विचारलं.

"गेलते. प्रायश्चित्त दिलं त्येनी. उपास सांगितलेत, जाप सांगितलाय. करतेय."

"माज्यामुळं झालं सगळं."

आक्काताईनं वाटी खाली ठेवली. ती पट्टीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"महाराजांनी विचारलं, पश्चात्ताप हुतोय का. मी व्हय म्हनाले," ती म्हणाली. "खोटं बोलले रं मी त्येंच्याम्होरं. राती मी आटवून बगते, त्यो जीव माज्या हाताखाली कसा तडफडत हुता. मला वाईट वाटायला पायजे. वाटत न्हाई. परत तसं झालं तर परत तसंच करीन. ह्याचंच मला भ्या वाटतंय."

धर्म सांभाळणाऱ्या आपल्या आईला अतिशयनं असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिचा पट्टीचा हात धरायला त्यानं हात पुढं केला. तिनं धरू दिला.

बाहेर एकटा उरलेला कावळा दिवसभर खेपा घालत होता. दोघांचं काम एकट्यावर आलं होतं; आता त्याला कुणाच्या मागं लागायला फुरसत नव्हती. चोचीत कधी उंदराचं शेपूट, कधी कुणाच्या दारातला भाताचा गोळा. पिल्लू पंख थरथरवत मागायचं आणि तो घशात कोंबून लगेच उडायचा. एक दिवस पिल्लू आंब्यावरनं भिंतीवर, भिंतीवरनं भाऊसोच्या पत्र्यावर धडपडत गेलं. आठवडाभरात दोघंही दिसेनासे झाले.

डॉक्टरांकडं टाके काढून प्रियदर्शनी राजमतीला घरी घेऊन आली तेव्हा पट्टी निघाली होती. नजर चांगली होती. पापणीवर पांढरी रेघ राहिली होती, तेवढीच. पोर आज्जीला बिलगली, तिच्या हातावरचे व्रण बोटानं मोजत बसली. मग पलंगाजवळ आली.

"ये की," अतिशय म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

राजमती लगेच आली नाही. तिनं त्याच्या तळहाताकडं बघितलं, बोटांकडं बघितलं, जणू तिथं अजून काही लागलेलं आहे का ते बघत असावी. मग तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. पण नुसता ठेवला. मूठ वळली नाही.

प्रियदर्शनी दारात उभी होती. तिनं बॅग खाली ठेवली आणि ती चहा टाकायला आत गेली.