नववा पाट

परातीच्या काठावर टाच आपटली आणि ठण्ण झालं. दुपारभर घर गप्प होतं. मला वाटलं, आता पुष्पांजली किंचाळणार, पाय ओढून घेणार, पाणी भिंतीपर्यंत उडणार. पण तिनं पाय हलवला नाही. खिडकीच्या गजांकडे बघत म्हणाली, "सात. आठ. नऊ."

मी तांब्या खाली ठेवला. नऊ म्हटलं की पाणी संपतं, हा आमच्या दोघींचा करार.

इथवर यायला दीड महिना लागला होता. माझी ही थोरली आठ वर्षांची, स्वमग्न. पायाला ओलं लागलं की तिला भाजल्यासारखं होतं. अकोल्याच्या थेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं तसं मी केलं. आधी कोरडा पंचा, मग ओला, मग एका बोटाचं पाणी, मग तांब्या. रोज दुपारी, धाकटी छकुली अंगणवाडीतून यायच्या आत.

हे सगळं नवमीसाठी. शेजारच्या सुभद्राकाकू दर नवरात्रात नऊ कुमारिका जेवू घालतात. पोरींना ओळीनं पाटावर बसवून परातीत त्यांचे पाय धुतात, कुंकू लावतात, पाया पडतात. तीन वर्षांपूर्वी पुष्पांजलीनं ती परात लाथेनं उलथवली आणि पाणी थेट घटापर्यंत गेलं. तेव्हापासून तिला बोलावणं नाही. आमचं अंगण काकूंच्या अंगणाला लागून. नवमीला तिकडून शिऱ्याचा वास येतो आणि माझी पोर फाटकाचा गज धरून उभी राहते, जेवणं उरकेपर्यंत. मला तिला त्या ओळीत बसवायचं होतं. एवढंच.

अष्टमीला काकू आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अनुपमा, उद्या छकुलीले पाठवजो व. लौकर, आंघोळ घालून."

"दोघींले घेऊन येतो काकू. पुष्पा आता पाय धुऊ देते. पाहा पाहिजे तं."

काकूंनी पदर सारखा केला. "तसं नाही व माय. देवीच्या कामाले अव्यंग पोट्टी लागते. हे काही मी नाही सांगून राह्यली, शास्तर सांगते. तिचं ताट मी घरीच पाठवतो ना. शिरा डबल घालतो."

शिरा डबल! म्हणजे व्यंगाची भरपाई साजूक तुपात.

मी तोंड उघडणार तोच सासूबाई आतून म्हणाल्या, "राहू दे व. सणासुदीचा कायले वाद?"

सणासुदीलाच तर वाद होता. एरवी माझ्या पोरीला कोण कुठे बसवतं आणि उठवतं, ते मी गिळतेच आहे. शाळेत मागच्या बाकावर, लग्नात खोलीत, बसमध्ये माझ्या मांडीवर. हेही गिळलं.

पण सकाळी दोघींच्याही वेण्या घातल्या. दोघींनाही लाल फ्रॉक. दोघींचे हात धरून निघाले.

काकूंच्या ओसरीत नऊ पाट मांडलेले. छकुली आठव्यावर बसली. नववी पोर, गल्लीतल्या इंद्रभानच्या घरची, अजून यायची होती. काकू पाय धूत धूत पुढे सरकत होत्या, बायका भिंतीला टेकून बघत होत्या. मी पुष्पांजलीला घेऊन खांबाशी उभी राहिले. काय करायचं ते माझंच ठरलं नव्हतं. काकू छकुलीच्या पाया पडल्या, छकुली लाजून हसली, आणि तेवढ्यात पुष्पांजली माझा हात सोडवून गेली. नवव्या पाटावर बसली. परात स्वतःच पुढे ओढली, दोन्ही पाय आत ठेवले.

"एक," ती म्हणाली.

काकूंच्या हातात भरलेला तांब्या होता. त्या तशाच थांबल्या.

"दोन. तीन."

कोणी पाणी घालेना. ती नऊपर्यंत गेली. मग तिनं खाली परातीत पाहिलं. कपाळाला आठी पडली. तिला वाटलं, आपणच मोजायला चुकलो. तिनं पाय नीट जुळवले आणि पुन्हा सुरू केलं, "एक."

"अनुपमा, उठव तिले," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पोट्टी येऊन राह्यली तिकडून. घट बिघडवू नको बाप्पा."

"काकू, तुमच्या देवीचा डावा हात गेल्या साली मोडला. तुम्ही गोंदानं चिकटवला, वरून बांगड्या घातल्या. तिले तं कोणी उठवलं नाही पाटावरून!"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. काकूंचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळ. कोनाशी बोलून राह्यली तू?"

"पाच," पुष्पांजली म्हणाली.

मी तांब्या काकूंच्या हातातून घेतला. घेतला कसला, ओढला. खाली बसले आणि पाणी सोडलं, बारीक धारेनं, तिला सोसेल तसं. तिचे पाय हलले नाहीत. तिनं नऊ म्हटलं, मी तांब्या सरळ केला. तिच्या अंगठ्यांना कुंकू लावलं, डोकं टेकवलं. पाय पुसायला तिला उभं केलं तर काकूंनी तिच्या मागचा पाट उचलला, भिंतीशी आडवा टाकला आणि आतून दुसरा आणून तिथे मांडला. इंद्रभानची पोर दारात उभीच होती.

तेव्हा माझा तोल गेला. मी छकुलीचा दंड धरला आणि तिला आठव्या पाटावरून उपसून काढलं. पाय धुऊन झालेल्या पोरींना बायका वाढू लागल्या होत्या; तिच्यासमोरही ताट आत्ताच आलं होतं. पहिला घास तिच्या मुठीत होता. चूक कोणाची आणि दंड कोणाचा धरला, हे मला फाटकाशी येईपर्यंत कळलं नाही.

आमच्या अंगणात आलो. पुष्पांजली आपल्या लाल अंगठ्यांकडे बघत, खूश होऊन पायरीवर बसली. छकुलीच्या दंडावर माझी चार बोटं उमटली होती. मी त्यावर फुंकर घालायला वाकले. ती रडली नाही. मूठ उघडून तिनं चुरगळलेला शिरा अर्धा ताईच्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला, बोटं चाटली. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"आई, पुढच्या साली काकूनं मले एकटीलेच बोलावलं, तं मी जाऊ काय?"